आत्याला घेऊन आग्रा रोडने

बुधवार, २४ डिसेंबर

जातानाच्या प्रवासात सांगण्यासारखं फारसं नाही. पुण्याहून इंदूर सहाशे किलोमीटरच्या आसपास. पहाटे साडेचारला निघालो, उजाडायच्या आत चाकण मागे टाकलं (या रस्त्याने जाणाऱ्यांना यातलं सुख कळेल), नाशिकला नाश्ता, धुळ्याला जेवण, सेंधव्याला चहा आणि सातच्या सुमारास रामबागेत आत्याच्या दारात गाडी उभी.

"आत्ता येऊन राहिले तुम्ही लोकं? मी तर चारपासून कणिक भिजवून बसली आहे!" आत्याने दार उघडत म्हटलं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सदाशिव पेठेत वाढलेली, १९६९ साली लग्न होऊन इंदूरला गेली. तेव्हा खांडव्याला गाडी बदलून छोट्या लायनीने वर चढायचं, कालाकुंड स्टेशनावर कलाकंद घ्यायचा, पातालपाणीचा धबधबा खिडकीतून बघायचा. पुढे रस्ता सुधारला आणि रात्रीच्या बस सुरू झाल्या. मग संध्याकाळी इंदुरात बसायचं, सकाळी पुण्यात उतरायचं. माहेरच्या सगळ्या खेपा तिने अशा केल्या, त्यामुळे मधला सगळा मुलूख तिने झोपेतच ओलांडलेला.

या वेळी सुट्टीला जोडून एक कामगिरीही होती. आतोबा गेल्यापासून आत्या एकटी असते. माझा आतेभाऊ कोथरूडला राहतो, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून येताना तिला आमच्याबरोबर आणायचं ठरलं. "थंडीपुरती ये असं सांगितलंय," दादा फोनवर म्हणाला होता. "पण घराला गिऱ्हाईक आलंय. तू गाडीत विषय काढ. तुझं ऐकते ती."

आत्या कुणाचं ऐकते हे मला अजून कळलेलं नाही, पण मी हो म्हटलं.

गुरुवार, २५ डिसेंबर

इंदुरात सकाळ पोह्यांनी होते. आपल्याकडे पोहे फोडणीत परततात. इथे भिजवलेले पोहे मीठ, हळद, साखर, बडीशेप लावून उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वाफवतात आणि दुकानदार दिवसभर ते तसेच गरम ठेवतो. वरून शेव, कांदा, कोथिंबीर, डाळिंबाचे दाणे आणि जिरावन, म्हणजे वर भुरभुरायचा इथला मसाला. बाजूला जिलबी. माझं पुणेरी मत असं की पोहे आमचे बरे. जिरावन मात्र कुणीतरी पुण्यात घरोघरी सक्तीचं करायला हवं.

खाऊन हात धुतोय तोवर गल्लीत कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली. इथे दारात दोन डबे असतात आणि ते कुणी विसरत नाही. माझ्या नवऱ्याने संत्र्याची सालं हाताला लागेल त्या डब्यात टाकली. आत्याने काही न बोलता डब्यात हात घातला, सालं उचलली, दुसऱ्या डब्यात टाकली आणि मग म्हणाली, "जावईबापू, २०१७ पासून पहिला नंबर आहे आमचा. तुमच्यामुळे नको जायला." स्वच्छतेच्या सर्वेक्षणातला हा नंबर इंदूरचा माणूस घरातल्या मुलाच्या मार्कांसारखा सांगतो. पण रस्त्यावर खाली बघत चाललं की सांगण्यात अतिशयोक्ती नाही हेही दिसतं.

दुपारी मुलासाठी होळकर स्टेडियमवर चक्कर. सेहवागने डिसेंबर २०११ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध २१९ केल्या त्या इथे. आत जाता आलं नाही, पण बाहेरून फोटो काढून चिरंजीव खूश. आत्याने त्याला सांगितलं की तिच्या सासऱ्यांनी सी. के. नायडूंना खेळताना पाहिलं होतं, होळकरांच्या टीमने रणजी करंडक चार वेळा जिंकला, आणि राहुल द्रविडचा जन्मही इंदूरचा. शेवटचं वाक्य त्याला खोटं वाटलं. त्याने मोबाइलवर तपासलं आणि मग तो आत्याशी जरा जपून बोलायला लागला.

राजवाड्यापाशी गेलो तेव्हा उन्हं उतरत होती. सात मजली दर्शनी भाग, खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे. हा वाडा एकाहून जास्त वेळा जळला आहे. शेवटची आग १९८४ च्या दंगलीतली. मागचा बराच भाग त्यात गेला आणि पुढे नव्याने उभारला. आत्या तेव्हा दोन लहान मुलांना घेऊन गच्चीवर उभी होती. "आकाश लाल झालं होतं," ती म्हणाली, "आणि खाली गल्लीत कोणी बोलत नव्हतं." मग तिने समोरच्या बागेतल्या अहिल्याबाईंच्या पुतळ्याला लांबूनच नमस्कार केला आणि मुलाला विचारलं, "भूक लागली का रे?"

मला वाटतं या शहरात हा प्रश्न वेळ विचारावी तसा विचारतात.

रात्री सराफा. दिवसा इथे सोन्याचांदीची दुकानं, रात्री त्यांची शटर खाली आली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चालतात. आम्ही दहाला पोचलो तर गर्दी नुकती भरायला लागली होती. आत्या सत्त्याहत्तरची. काठी घेते, पण सराफ्यात काठीचा उपयोग तिने मुख्यतः वाट काढायला केला.

थंडीत इथे गराडू मिळतो, म्हणून मी मुद्दाम डिसेंबर धरला होता. आपल्या कोनफळाचाच हा भाऊ, फक्त आतून पांढरा. कापताना हाताला खाज सुटते, म्हणून आधी तेल लावून घेतात. कढईच्या काठावर एकदा तळलेल्या चौकोनी फोडींचा ढीग असतो. गिऱ्हाईक आलं की त्यातल्या ओंजळभर फोडी पुन्हा तेलात जातात, बाहेर आल्या की परातीत पडतात, वर मसाला, वर लिंबू, आणि मग गाडीवाला परात दोन-तीनदा झटकतो. आत्या त्या वेळी डोळे मिटून उभी होती.

"काय गं?"

"आवाज ऐकून राहिली. खडखड आली पाहिजे. नाही आली तर आत कच्चं."

खडखड आली. बाहेरून कडक, आतून रताळ्याहून मऊ, आणि मसाला नाकात जाणारा. आम्ही एक प्लेट चौघांत घ्यायची ठरवली होती. तो बेत तिथेच मोडला. त्यानंतर भुट्ट्याचा कीस, म्हणजे मक्याचा कीस तुपात परतून दुधात शिजवलेला. मग जोशींचा दहीवडा. तिथे द्रोण हवेत उडवून झेलतात आणि मसाले चिमटीतून एकेक करून वेगळे सोडतात. तो खेळ बघायला मुलगा तीनदा पुढे गेला. मोमो आणि चायनीजच्या गाड्यांपुढून जाताना आत्याने मान वळवली. मलाही ते खटकलं. सराफ्यात येऊन नूडल्स खाणाऱ्यांना कुणी अडवू शकत नाही, पण माझी सहानुभूती आत्याच्या मानेला.

एक वाजता घरी आलो. आत्या ताजीतवानी, आम्ही तिघं आडवे.

शुक्रवार, २६ डिसेंबर

दिवस बांधाबांधीत गेला. लालबाग पॅलेसला सकाळी धावती भेट दिली. फाटक लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकाच्या नमुन्यावर केलेलं आहे, ते बघून मुलाला हसू आलं.

दुपारपासून आत्याच्या सामानाकडे लक्ष. लवंगी शेव, रतलामी शेव, जिरावनची पाकिटं, गराडूचा एक भलामोठा कंद वर्तमानपत्रात गुंडाळलेला, दादाच्या गुडघ्यासाठी कसलंसं तेल, आणि देवघरातला बाळकृष्ण तलम रुमालात गुंडाळून पर्समध्ये. कपडे शेवटी, एका छोट्या बॅगेत. मी म्हटलं, "एवढेच?" तर म्हणाली, "पुण्यात मला कुठे मिरवायचं आहे?"

मी घरावरून नजर फिरवली. लोणच्याच्या बरण्या दादरा बांधून जागच्या जागी. दूधवाल्याला "मी फोन करेन" एवढंच सांगितलेलं. तुळस शेजारच्या काकींकडे सोपवलेली, पण कुंडीवर खडूने आत्याचं आडनाव. फ्रिजवर सानंदच्या नाटकांचं सभासद कार्ड मॅग्नेटने लावलेलं. इंदुरात मराठी नाटकांचे प्रयोग सानंद न्यास करतो, सभासदांचे गट असतात आणि एकाच नाटकाचे प्रयोग त्या गटांसाठी एकामागोमाग एक होतात. आत्या पावसात, तापात, आतोबांच्या आजारपणातही गेलेली आहे. शेजारच्या काकी निरोप द्यायला आल्या तेव्हा त्यांनी डोळ्यांना पदर लावला. आत्या म्हणाली, "अगं रडून काय राहिली? गॅसवाला आला तर सिलेंडर घेऊन घे."

रात्री दादाचा फोन. "काढलास विषय?" म्हटलं, अजून गाडी सुरू झालेली नाही.

शनिवार, २७ डिसेंबर

सातला निघायचं होतं, नऊ वाजले. पुढच्या सीटवर आत्या, तिच्या पायाशी दोन कापडी पिशव्या. एक ओल्याची, एक सुक्याची. पुण्यापर्यंत गाडीतून काही बाहेर पडणार नाही, असं तिने निघण्याआधीच जाहीर केलं.

महू ओलांडताना आंबेडकर जन्मभूमीची पाटी दिसली. बाबासाहेबांचा जन्म इथला, १८९१ चा, वडील लष्करात होते तेव्हाचा. गावाचं सरकारी नाव आता डॉ. आंबेडकर नगर, पण आत्यासकट सगळे महूच म्हणतात. मानपूरच्या पुढे माळव्याचं पठार संपतं आणि रस्ता निमाडात उतरायला लागतो. गणेश घाटाची उतरण ट्रकवाल्यांत बदनाम आहे. ब्रेक तापून निकामी झालेल्या गाड्यांच्या गोष्टी इथल्या प्रत्येक ढाब्यावर ऐकायला मिळतात. नवऱ्याने दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ठेवली आणि आत्याने पर्समधला बाळकृष्ण बाहेर काढून मांडीवर घेतला. खाली उतरलो तसे स्वेटर निघाले. वर गव्हाची हिरवी शेतं होती, इथे कापसाने ठासून भरलेल्या ट्रॉल्या, रस्त्याच्या कडेला बोरीच्या काट्यांना अडकलेला कापूस, आणि खळ्यांत वाळत घातलेल्या लाल मिरच्या.

"हे असं दिसतं होय?" आत्या म्हणाली. "मला वाटायचं जंगल असेल."

धामणोदला डावीकडे वळून महेश्वर तेरा-चौदा किलोमीटर. इथे मुक्काम आत्यानेच ठरवला होता. वर्षअखेरीची गर्दी, खोलीत गरम पाणी येईल असं सांगितलं होतं ते आलं नाही, पण खिडकीतून नर्मदा दिसत होती, त्यामुळे कुणी फार भांडलं नाही.

अहिल्याबाईंनी राजधानी इंदुराहून इथे आणली आणि १७९५ मध्ये त्या गेल्याही इथेच. किल्ल्यातला त्यांचा वाडा पहिल्यांदा बघणाऱ्याला फसवतो. राजधानीचा वाडा म्हणून काही भव्य शोधत जावं तर साधी ओसरी, लाकडी खांब, आणि एका बाजूला पांढरी गादी. मुलगा म्हणाला, "एवढंच?" आणि आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने गादीला पुन्हा नमस्कार केला. नर्मदेच्या तीराने बांधलेले घाट मात्र बघत राहावे असे. पायऱ्या थेट पाण्यात उतरतात आणि वरच्या भिंती कोरीवकामाने भरलेल्या.

घाटाकडे उतरताना अहिल्येश्वराच्या देवळासमोर विठोजी होळकरांची छत्री, म्हणजे स्मारक, आहे. जोत्यावर दगडी हत्ती कोरलेले. आत्या तिथे काठी टेकून बसली आणि मला वाटलं, हीच वेळ.

"आत्या, दादा म्हणत होता, घराचं..."

"हे कोण माहीत आहे ना तुला?"

"विठोजी. यशवंतरावांचे भाऊ."

"कसे गेले?"

सांगणं भाग होतं. १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजींना पुण्यात शनिवारवाड्यापुढे हत्तीच्या पायी दिलं. पुढच्याच वर्षी यशवंतराव फौज घेऊन दक्षिणेत उतरले आणि २५ ऑक्टोबर १८०२ ला, ऐन दिवाळीत, हडपसरजवळ त्यांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा एकत्र पराभव केला. बाजीराव पळाला तो वसईला. तिथे डिसेंबरअखेर त्याने इंग्रजांशी तह केला आणि मराठी राज्याचं पुढे काय झालं ते शाळेत सगळ्यांनीच वाचलंय.

"कुठे दिलं म्हणालीस हत्तीच्या पायी?"

"पुण्यात."

"आणि माझा मुलगा म्हणून राहिला की पुण्याला येऊन राहा." एवढं बोलून ती उठली. सदाशिव पेठेत जन्मलेली ही बाई होळकरांच्या बाजूने इतकी मनापासून बोलते की समोरच्याचा मुद्दा जागीच संपतो.

संध्याकाळी घाटावर काही परिक्रमावासी उतरले. पांढरे कपडे, हातात दंड, पाठीला पडशी. "नर्मदे हर!" म्हटल्यावर उत्तर मराठी वळणाचं आलं. सांगलीकडचं एक जोडपं होतं, साठीचं. पायी परिक्रमेत नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ती कुठेही ओलांडायची नाही. हे दोघं ओंकारेश्वराहून दक्षिण तटाने पश्चिमेला गेले, विमलेश्वरहून नावेने समुद्राच्या मुखातून पलीकडे मिठी तलाईला उतरले आणि आता उत्तर तटाने वर चढत होते. बाईंच्या टाचांना भेगा पडल्या होत्या आणि त्या मेण लावत बसल्या होत्या. आत्याने शेवेचा डबा उघडला. "दादासाठी आहे ना ती?" मी विचारलं. "त्याला गुडघ्याचं आहे, त्याने तेलकट खाऊ नये," म्हणत तिने अर्धा डबा त्यांच्या पिशवीत रिकामा केला.

आजी नदी ओलांडत नाही म्हणजे घरी जायचं झालं तर काय करते, हे मुलाने त्या बाईंना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पूर्ण करून जायचं, बाळा."

रविवार, २८ डिसेंबर

सकाळी वाड्याच्या आवारात लिंगार्चन बघितलं. बोटाच्या पेराएवढी मातीची शिवलिंगं पाटावर ओळीने मांडायची, पूजा करायची आणि नर्मदेत सोडायची. अहिल्याबाईंच्या वेळेपासूनचा हा रोजचा प्रघात. गुरुजींची बोटं मातीच्या गोळ्यावरून अशी झरझर चालत होती की मुलाला व्हिडिओ दोनदा काढावा लागला.

मग मागावर. महेश्वरी साडीत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा, म्हणून ती हलकी असते आणि तरी तिला झळाळी असते. काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतात. काठांवरची नक्षी बरीचशी इथल्याच भिंतींची आणि नदीची: चटई, वीट, लाट. विणकरांना अहिल्याबाईंनी इथे आणून वसवलं. मधल्या काळात धंदा बसत चालला होता, तो रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी सुरू केलेल्या रेहवा सोसायटीने सावरायला मोठी मदत केली. आत्याने वहिनीसाठी राखाडी रंगाची एक घेतली. तासभर भाव करून शेवटी विणकराने सांगितलेलेच पैसे दिले आणि वर "मेहनत आहे" म्हणाली. मग तासभर काय चाललं होतं ते तीच जाणे.

खलघाटला पूल लागला तेव्हा आत्याने गाडी हळू करायला लावली, काच खाली केली, नाणं कपाळाला लावून नदीत टाकलं. चार लेनच्या हायवेवर हे करू नये, हे नवरा तिला सांगणार होता. सांगितलं नाही. ओल्या-सुक्याचा नियम नर्मदेच्या नाण्याला लागू नव्हता, हेही मी नोंदवून ठेवते.

पुढे ठीकरी, जुलवानिया. सेंधव्याच्या जिनिंगपुढे कापसाच्या गाड्यांची रांग. त्यानंतर बिजासन घाट आणि घाटात ट्रकच ट्रक. एक ट्रेलर वळणावर अडला होता. तासभर कुणी हललं नाही. शेंगदाणेवाले, चहावाले गाड्यांमधून फिरायला लागले. आत्या खाली उतरली, मागच्या गाडीतल्या अकोल्याच्या बाईंशी ओळख करून घेतली, तिच्या नातवाला जिलबीचा तुकडा दिला, आणि त्या नातवाने टाकलेला कागद उचलून आपल्या सुक्याच्या पिशवीत घातला. मी गाडीत बसून दादाच्या मेसेजला उत्तर लिहीत होते: "घाटात आहोत. नंतर."

सातपुडा उतरला की महाराष्ट्र. पळासनेरची पाटी मराठीत दिसल्यावर आत्या ती मोठ्याने वाचत सुटली. शिरपूर, तापीचा पूल, नरडाणा, सोनगीर. "इतकी वर्षं मी इथून जाऊन राहिली आणि तापी बघितली नाही," ती एवढंच म्हणाली आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली. मी विषय काढला असता तर तिने तेव्हा ऐकलं असतं, असं मला वाटतं. मी काढला नाही. काढावासा वाटला नाही.

धुळ्याच्या अलीकडे ढाब्यावर शेवभाजी, कळण्याची भाकरी आणि ठेचा. खानदेशी शेवभाजीचा रस्सा काळ्या मसाल्याचा, तर्री वरून तरंगणारी, शेव जाड आणि ऐन वेळी टाकलेली. हे आत्याचं क्षेत्र. पहिल्या घासाला तिने मान हलवली, दुसऱ्याला पदराने नाक पुसलं, तिसऱ्याला मालकाला बोलावलं. "मसाला छान आहे. पण शेवेत लवंग नाही घालत का?" मालक म्हणाला, "नाही ना मावशी." आत्याने गाडीतून आपल्या शेवेचं पाकीट आणवून त्याच्या हातात ठेवलं. अशा रीतीने दादाची उरलेली शेवही धुळ्यात राहिली.

लळिंगचा किल्ला उजेडात दिसला, मालेगाव बाहेरच्या बाहेर. चांदवडला पोचलो तेव्हा साडेपाच होऊन गेले होते आणि होळकरांच्या रंगमहालाचं दार बंद. मी मागे एकदा आत गेले होते. कोरीव लाकडी खांब आणि भिंतींवरची चित्रं आठवत होती, ती आत्याला बाहेर उभं राहूनच सांगितली. चांदवडला होळकरांची टांकसाळ होती, इथला रुपया त्या काळी दूरवर चालायचा. आत्याने दाराच्या लाकडावर हात फिरवून बघितला. "इंदूर, महेश्वर, चांदवड," ती म्हणाली. "सरळ एका रस्त्यावर आहे की सगळं. आणि मी झोपून जायची."

रात्री नाशिकला माझ्या नणंदेकडे. खिचडी, पापड, आणि उशीला डोकं टेकताच झोप.

सोमवार, २९ डिसेंबर

नाशिक ते पुणे हा रस्ता इतक्यांनी इतक्यांदा केलेला आहे की वर्णन करायला नको. सिन्नर, संगमनेर, नारायणगावला भेळ. आत्याने भेळेलाही जिरावन लावलं.

राजगुरुनगरपाशी नवरा सहज बोलून गेला की इथून आत वाफगाव आहे, यशवंतराव होळकरांचा जन्म तिथल्या किल्ल्यात झाला, १७७६ मध्ये. हे त्याने का सांगावं कळत नाही. आत्या सीटवर ताठ झाली.

"किती आत?"

"पंधरा-वीस किलोमीटर असेल. पण चाकणला अडकलो तर रात्र होईल, आत्या. दादा वाट बघतोय."

"बरं," आत्या म्हणाली. "मग परत जाताना. मला सोडायला निघाल तेव्हा जरा लवकर निघू, आधी वाफगाव करू आणि मग पुढे."

आरशातून नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी शेवेच्या रिकाम्या पाकिटाची घडी घालून ते सुक्याच्या पिशवीत टाकलं.

चाकणला अडकायचे ते अडकलोच, दीड तास. कोथरूडला दादाच्या दारात पोचलो तेव्हा अंधार पडला होता. वहिनीने औक्षण केलं, दादा काठी टेकत बाहेर आला. त्याची काठी आणि आत्याची काठी उंबऱ्यात एकमेकींना अडकल्या आणि दोघंही हसायला लागले. आत्याने आधी वहिनीला दोन पिशव्या दिल्या आणि ओला कुठला, सुका कुठला ते समजावलं. मग साडी दिली. मग बाळकृष्णाला वहिनीच्या देवघरात जागा करून दिली, जरा कडेला, "पाहुणा आहे" म्हणत.

चहा झाल्यावर दादाने मला गॅलरीत बोलावलं. "काय म्हणाली?"

मी तोंड उघडायच्या आत आतून आत्याचा आवाज आला. "अरे, कॅलेंडर कुठे लावलंय नवीन वर्षाचं? इकडे आण."

वहिनीने आणून दिलं. आत्याने चष्मा लावला आणि मार्चचं पान काढलं. "आठ तारखेला रंगपंचमी आहे. रविवार. गेरची मिरवणूक राजवाड्यावर येते तेव्हा मी घरी पाहिजे, गच्चीवर सगळे यायचे असतात. नंतर सानंदचं नाटक. एप्रिलमध्ये गहू भरायचे आहेत वर्षाचे." तिने आठ तारखेभोवती पेनने गोल काढला आणि आत बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे वळली. "जावईबापू, गुरुवारी निघालं तर बरं पडेल. वाफगाव आहे, चांदवडला दिवसाउजेडी पोचायचं आहे, आणि महेश्वरला एक रात्र. सुट्टी टाकून ठेवा."

दादा माझ्याकडे बघत राहिला. नवऱ्याने फोन काढून मार्चच्या सुट्ट्या बघायला घेतल्या.